एक वर्षाचं मास्टर्स आणि मेड स्कूलचा अर्ज: या जूनमध्ये की पुढच्या?

मृण्मयी_एडिसन | 11 मे 2025, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लेकीच्या मेड स्कूलच्या अर्जावरून घरात तीन माणसांची तीन मतं झाली आहेत, म्हणून विचारते.

लेक याच महिन्यात ग्रॅज्युएट होतेय, बायॉलॉजी मेजर. जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) 3.31, सायन्स जीपीए 3.14. दुसऱ्या वर्षी ह्यांची बायपास झाली. ती दर शुक्रवारी बसने घरी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. त्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी आला, फिजिक्सही घसरलं. शेवटची तीन सेमिस्टर मात्र 3.7च्या वर आहेत. एमकॅट ही मेड स्कूलची प्रवेश परीक्षा मार्चमध्ये दिली, 512. दोन वर्षं ईआरमध्ये स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहायचं काम केलंय, हॉस्पिसमध्ये व्हॉलंटियर आहे.

तिला एका एक वर्षाच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळाली आहे, ज्याला सगळे एसएमपी (स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम) म्हणतात. ऑगस्टला सुरू, पुढच्या मेमध्ये संपणार. मेड स्कूलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री, तेच पेपर, ग्रेड द्यायचा तोच कर्व्ह. फी आणि राहणं धरून 62 हजार डॉलर.

ॲमकॅसचा, म्हणजे मेड स्कूल्सचा सामायिक अर्ज आता उघडलाय, महिनाअखेरीपासून सबमिट करता येईल. ती म्हणते, आत्ताच भरते, म्हणजे मास्टर्स संपलं की थेट मेड स्कूल. हे म्हणतात, भरू दे, फार तर अर्जाचे पैसे जातील. मला राहून राहून वाटतंय की ज्या मार्कांसाठी आपण 62 हजार मोजतोय, ते मार्क तर त्या अर्जात नसणारच. माझं काही चुकतंय का? ज्यांनी स्वतः हे केलंय किंवा ज्यांची मुलं यातून गेली आहेत, त्यांनी कृपया सांगा.

अश्विनी_के | 11 मे, रात्री 11:15

वाचनखूण साठवतेय. भाचा याच वाटेवर आहे.

निशिगंध | 12 मे, पहाटे 4:50

मृण्मयीताई, नाइट ड्यूटीवर आहे, जरा शांत आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी इंटर्नल मेडिसिनचा रेसिडेंट आहे, पहिलं वर्ष संपत आलंय. मीही एसएमपी करून आलो आणि तुमची लेक जे करू बघतेय तेच मी 2018 साली केलं होतं.

जूनमध्ये 24 स्कूल्सना अर्ज केला. जुलैअखेर सेकंडरीज, म्हणजे प्रत्येक स्कूलचे स्वतःचे पुढचे अर्ज, यायला लागल्या. प्रत्येक स्कूलचे दोन ते पाच निबंध, आणि आल्यापासून दोन आठवड्यांत परत पाठवायचे असा दंडक. तेवढ्यात ऑगस्टमध्ये प्रोग्रॅम सुरू झाला. पहिला ब्लॉक बायोकेमिस्ट्रीचा. लायब्ररीत लॅपटॉपवर अर्ध्या भागात यूरिया सायकल आणि अर्ध्या भागात ‘तुम्हाला आमच्याच स्कूलला का यायचंय’ असं चालायचं. पहिल्या परीक्षेला 71 पडले, वर्गाची सरासरी 80 होती. त्या रात्री मी गाडीत बसून आईला फोन केला आणि काही बोललोच नाही. ती ‘जेवलास का’ एवढंच विचारत राहिली.

24 पैकी एक इंटरव्ह्यू आला, नोव्हेंबरात. समोरच्या प्राध्यापकांनी फाइल चाळून विचारलं, “या प्रोग्रॅमचे तुझे ग्रेड्स कुठे आहेत?” म्हटलं, जानेवारीत येतील. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मी वेटलिस्टवर राहिलो, आणि तिथून पुढे काहीच झालं नाही.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात परत अर्ज केला. तोच मी, तीच एमकॅट. फरक इतकाच की या वेळी दोन्ही सेमिस्टरचे मार्क अर्जावर होते, 3.74, आणि प्रोग्रॅम डायरेक्टरचं पत्र होतं, ज्यात मी मेड स्कूलच्या मुलांबरोबर तेच पेपर देऊन वर्गाच्या वरच्या चौथाईत आलो असं स्पष्ट लिहिलं होतं. पाच इंटरव्ह्यू आले, दोन ठिकाणी ॲडमिशन मिळाली.

‘फार तर अर्जाचे पैसे जातील’ हे काकांचं म्हणणं मला पटत नाही. पहिल्या स्कूलचे 175 डॉलर, पुढच्या प्रत्येकीचे चाळिसाच्या वर, शिवाय सेकंडरीची फी वेगळी. वीस-पंचवीस स्कूल्स धरल्या तर दोन-तीन हजार सहज जातात, पण तो भाग सोडा. खरा खर्च पहिल्या ब्लॉकच्या मार्कांत होतो. एसएमपीत बी मायनस आला तर तो अंडरग्रॅडच्या सीपेक्षा महाग पडतो, कारण इथे तुम्ही मेड स्कूलचाच अभ्यास करून दाखवताय. त्याच्यापुढे दाखवायला दुसरं काही उरत नाही. आणि दुसऱ्यांदा अर्ज करताना स्कूल विचारतंच, आधी केला होता का, तेव्हापासून काय बदललं?

तिला थांबायला सांगा. मी ज्या वर्षी थांबायला हवं होतं त्या वर्षी थांबलो नाही, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

पल्लवी_जी | 12 मे, सकाळी 9:20

मी इथल्या एका कॉलेजात प्री-हेल्थ ॲडव्हायझिंगमध्ये काम करते. निशिगंधने लिहिलंय त्याला अनुमोदन. आता आकड्यांचं सांगते.

मृण्मयी, ॲमकॅस अंडरग्रॅडचा आणि ग्रॅज्युएटचा जीपीए वेगळ्या ओळींत दाखवतं, एकत्र करत नाही. तुझी लेक मास्टर्सला 4.0 घेऊन आली तरी 3.31 हा 3.31च राहणार. बऱ्याच पालकांना हे वर्ष संपल्यावर कळतं आणि फार वाईट वाटतं. डीओ (ऑस्टिओपॅथिक) स्कूल्सच्या ॲकोमास या अर्जात मात्र दोन्ही धरून एकूण जीपीएही काढतात.

अंडरग्रॅडचा आकडाच वर न्यायचा असेल तर पोस्ट-बॅक लागतं, म्हणजे पदवीनंतर अंडरग्रॅड पातळीचेच कोर्स. तिचे 120 क्रेडिट धर. त्यावर 30 क्रेडिट सगळे ए मिळवले तर 3.31चा 3.45 होतो. सायन्सचे 60 क्रेडिट धरले आणि ते तीसही सायन्सचेच असले तर 3.14चा 3.43 होतो. स्टेट कॉलेजात हे एसएमपीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत होतं. तिची ॲडमिशन झालीच आहे म्हणून आता हा विषय वाढवत नाही, पण भाच्यासाठी वाचणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

मग एसएमपीचा उपयोग काय? ती शेजारची ग्रॅज्युएट जीपीएची ओळ. एमडी स्कूल्सना दरवर्षी पन्नास हजारांच्या वर अर्ज येतात आणि तेवीस हजारांच्या आसपास मुलं लागतात. लागलेल्यांचा सरासरी जीपीए 3.77च्या पुढे. एमकॅटची सरासरी 512च्या जवळ आहे, म्हणजे तिथे तुझी लेक बरोबरीत आहे. 3.31वाल्या मुलीबद्दल कमिटीला एकच शंका असते: हिला मेड स्कूलचा अभ्यास झेपेल का? त्याचं उत्तर फक्त एसएमपीच्या ट्रान्सक्रिप्टवर असतं. या जूनमध्ये अर्ज केला तर ते कोर्स ‘पुढे घेणार’ म्हणून दिसतील, ग्रेडची जागा रिकामी. आणि एकदा सबमिट केलं की नवे ग्रेड्स ॲमकॅसमध्ये घालताच येत नाहीत. जानेवारीत प्रत्येक स्कूलला अपडेट लेटर पाठवायचं, जेव्हा बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यू संपत आलेले असतात.

देवदत्त_ह्यूस्टन | 12 मे, दुपारी 1:05

जरा वेगळं मत मांडतो. माझ्या मुलानं एसएमपी चालू असतानाच अर्ज केला आणि त्याच वर्षी लागला. पण त्याची परिस्थिती वेगळी होती, तीही सांगतो. अंडरग्रॅड 3.58 होता, म्हणजे बुडत्याला वाचवायचं नव्हतं. प्रोग्रॅम मेड स्कूलनंच चालवलेला होता, आणि पहिल्या सेमिस्टरला ठरावीक जीपीए आला तर स्वतःच्या मुलांना फेब्रुवारीत इंटरव्ह्यू देण्याची लेखी हमी होती. त्यानं ते एक आणि इतर पाच एवढेच अर्ज केले. सेकंडरीज सगळ्या जुलैतच लिहून ठेवल्या. ऑगस्टनंतर त्यानं एक ओळ लिहिली नाही.

तेव्हा मृण्मयीताई, त्या प्रोग्रॅमला विचारा की तुमच्या मुलांना तुम्हीच इंटरव्ह्यू देता का, किती मार्कांवर देता, आणि कधी. उत्तर ईमेलवर घ्या. फोनवर सगळे गोड बोलतात.

टेक्सासवाल्यांसाठी एक: इथल्या सरकारी स्कूल्सची अर्जाची सिस्टम वेगळी आहे आणि बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना दहा टक्क्यांच्या वर जागा देता येत नाहीत. इथे राहत असाल तर तिचा फायदा घ्याच.

मृण्मयी_एडिसन | 12 मे, रात्री 9:30

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण रात्री परत मागून स्वतः वाचला.

प्रोग्रॅमला ईमेल केलाय. दोन शंका आहेत. एक, थांबलं तर मार्चची एमकॅट चालेल का? दुसरं, ती म्हणते सायन्स जीपीए कमी आहे तर जानेवारीत परत देऊन 515 करते.

निशिगंध | 13 मे, रात्री 8:10

मार्च 2025ची एमकॅट, 2026चा अर्ज, 2027चा प्रवेश. बहुतेक ठिकाणी चालते, पण प्रत्येक स्कूलची मुदत वेगळी असते, काही दोन वर्षं धरतात तर काही तीन. एएएमसी या मेड स्कूल्सच्या संघटनेच्या एमसार या डेटाबेसमध्ये प्रत्येकीचा नियम मिळतो. पैसे देऊन घ्यावा लागतो, पण घ्या.

जानेवारीत परत द्यायचं मात्र डोक्यातून काढून टाका. साडेसात तासांची परीक्षा आहे ती, तयारीला तीन महिने हवेत. हे तीन महिने नेमके पहिल्या सेमिस्टरचे. आमच्या बॅचमधल्या एकानं हेच केलं. एमकॅट दोन मार्कांनी वाढली आणि फिजिऑलॉजीत सी आला. 512ला हात लावू नका.

सई_एमएस2 | 15 मे, रात्री 11:55

मृण्मयी काकू, एक विचारते. तुमची लेक सिटिझन किंवा ग्रीन कार्डवर आहे ना? हा प्रश्न कुणीच विचारत नाही म्हणून लिहितेय.

मी सहा वर्षांची असताना नाशिकहून आले. आईबाबा एच-1 या नोकरीच्या व्हिसावर, मी त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-4वर, ग्रीन कार्डची रांग संपेना. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी एकवीस पूर्ण झाली, एच-4 संपला आणि मला एफ-1वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं. किंडरगार्टनपासून इथे शिकलेय, पण अर्जात इंटरनॅशनल झाले. माझी 26 स्कूल्सची यादी होती. इंटरनॅशनल मुलांना न घेणाऱ्या वजा केल्यावर 10 उरल्या. त्यातल्या काहींना पुढच्या वर्षांच्या फीचे पैसे आधी खात्यात दाखवून हवे होते. सरकारी कर्ज तर मिळतच नाही.

एफ-1वाल्यांना ‘थांबा’ म्हणणं सोपं नसतं, कारण मधलं वर्ष इथे नुसतं राहता येत नाही. मी मास्टर्सनंतरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी घेतली. बॅचलर्सची वापरली असली तरी वरच्या पदवीवर पुन्हा बारा महिने मिळतात. प्रोग्रॅम संपायच्या 90 दिवस आधीपासून अर्ज करता येतो, आणि ओपीटीत एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. काम तुमच्या विषयाशी निगडित हवं. मला एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंटची नोकरी मिळाली, म्हणून निभावलं. आता मेड स्कूलचं दुसरं वर्ष लागेल. कुणाच्या घरात एच-4वरचं मूल असेल तर अठराव्या वर्षीच हे सगळं मांडून बसा. आमच्या घरात हा विषय विसाव्या वर्षी निघाला.

मृण्मयी_एडिसन | 16 मे, सकाळी 7:30

सई बाळा, ती इथेच जन्मली आहे. पण तुझं वाचून गलबलून आलं. दुसऱ्या वर्षासाठी खूप शुभेच्छा.

हृषीकेश_कोथरूड | 18 मे, रात्री 9:00 (भारतीय वेळ)

माझा पुतण्या पुण्यात बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी करतोय. नीट दोनदा दिली, झालं नाही. एक कन्सल्टंट म्हणतो की अमेरिकेत एक वर्षाचं मास्टर्स केलं की तिथल्या मेड स्कूलला अर्ज करता येतो. भावानं टोकन भरायची तयारी केलीय.

पल्लवी_जी | 18 मे, दुपारी 12:40

हृषीकेश, भावाला आजच फोन करा आणि टोकन भरू देऊ नका.

भारतातल्या पदवीचे मार्क ॲमकॅस तपासत नाही आणि जीपीएतही धरत नाही. बहुतेक मेड स्कूल्सना बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे कोर्स अमेरिकेत किंवा कॅनडात झालेले लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी इथले 90 क्रेडिट हवेत अशी अट असते. एक वर्षाच्या मास्टर्सचे तीस-पस्तीस क्रेडिट होतात. वर तो एफ-1वर असेल, म्हणजे सईनं लिहिलेलं सगळं त्यालाही लागू. मुलाला वैद्यकीय क्षेत्रातच यायचं असेल तर अनेक रस्ते आहेत, पण हा त्यातला नाही.

हृषीकेश_कोथरूड | 19 मे, सकाळी 8:15

भावाशी बोललो. टोकन थांबवलंय. तुमचे उपकार आहेत.

मृण्मयी_एडिसन | 24 मे, रात्री 10:00

प्रोग्रॅमचं उत्तर आलं. इंटरव्ह्यूची हमी नाही, ‘आमच्या विद्यार्थ्यांचा आस्थेनं विचार होतो’ एवढंच. देवदत्त, लेखी घ्या म्हणालात ते किती बरं झालं!

लेकीनं ठरवलंय, यंदा अर्ज नाही. काल संध्याकाळी मला म्हणाली, “आई, सातारच्या आजीला तू सांग. मला ‘अजून एक वर्ष’ म्हणवत नाही.” मी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांनी एल.एल.बी. चाळिशीत केली. तिला म्हणावं, नीट जेव.”

अमोल_फ्रीमाँट | 9 जुलै 2025, रात्री 10:20

धागा वर काढतोय, कारण कर्जाचं सगळं बदललंय. 4 जुलैला नव्या कायद्यावर सही झाली. 1 जुलै 2026पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. आत्तापर्यंत कॉलेजचा जेवढा खर्च तेवढं मिळायचं. यापुढे मेड स्कूलला वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलरची मर्यादा, मास्टर्सला वर्षाला 20,500. आणि अंडरग्रॅडपासूनचं सगळं धरून आयुष्यभराची मर्यादा 2,57,500. फी आणि राहणं मिळून वर्षाला 50 हजारांच्या पुढे जाणाऱ्या स्कूल्स कितीतरी आहेत. वरचं खाजगी कर्जातून किंवा घरातून उभं करावं लागेल.

मृण्मयीताई, ‘थांबल्यामुळे तोटा झाला’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. यंदा अर्ज केला असता तरी प्रवेश ऑगस्ट 2026चा, म्हणजे नवे नियम लागलेच असते. फक्त आता स्वतःच्या राज्यातल्या स्कूल्स यादीत सगळ्यात वर ठेवा.

मृण्मयी_एडिसन | 10 जुलै, सकाळी 7:10

आम्ही परवाच तो हिशोब मांडला. मास्टर्सचे 62 हजार कर्जानं घेणार होतो, आता निम्मे साठवलेल्यातून देतोय, म्हणजे तिची मर्यादा पुढे उरेल. यादीत न्यू जर्सीतल्या आधी घातल्यात: रटगर्सच्या दोन्ही, कॅमडेनची कूपर, हॅकेन्सॅक मेरिडियन, आणि डीओसाठी रोवनची.

डीओवरून ह्यांची थोडी कुरकुर होती.

निशिगंध | 10 जुलै, रात्री 11:30

काकांना सांगा, 2020पासून एमडी आणि डीओंच्या रेसिडेन्सी एकाच व्यवस्थेखाली आहेत. माझ्या बरोबरच्या बॅचमध्ये चार डीओ आहेत. रात्री दोन वाजता माझा पेशंट बिघडला की मी ज्याला पहिला फोन करतो तो त्यातलाच एक आहे.

मृण्मयी_एडिसन | 8 जानेवारी 2026, रात्री 9:45

मंडळी, पहिल्या सेमिस्टरचे मार्क आले. 3.83.

ऑक्टोबरात एकदा खचली होती. फिजिऑलॉजीच्या कार्डिॲक ब्लॉकला 76 पडले, तेव्हा म्हणाली, “अर्ज केला असता तर आज सेकंडरी लिहीत बसले असते आणि हेही गेलं असतं.” पुढच्या ब्लॉकपासून तिनं पद्धत बदलली. नोट्स वाचणं बंद केलं आणि रिकाम्या जागेवर काढून दाखवायला लागली. थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा आमच्या किचनच्या सरकत्या काचेवर मार्करनं किडनीतला पूर्ण नेफ्रॉन काढला. कुठल्या नळीतून सोडियम बाहेर, कुठून पाणी आत, कुठलं औषध कुठे काम करतं, सगळे बाण. ह्यांना समोर उभं करून शिकवलं. बायपासनंतर पाय सुजायचे म्हणून ह्यांना रोज एक गोळी असायची. तिनं हेन्लेच्या लूपवर बोट ठेवून सांगितलं, “बाबा, तुमची गोळी इथे काम करायची.” ह्यांनी ती गोळी वर्षभर घेतली होती, कुणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं.

मेअखेर अर्ज जाईल. प्रोग्रॅम डायरेक्टर पत्र द्यायला तयार आहेत. मधल्या वर्षासाठी न्यू ब्रन्सविकच्या बाजूला क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरचं काम शोधतेय, कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सई_एमएस2 | 8 जानेवारी, रात्री 10:30

काकू!! डोळ्यांत पाणी आलं. व्यनि केलाय, माझी एक मैत्रीण तिथेच आहे.

पल्लवी_जी | 9 जानेवारी, सकाळी 9:05

फार आनंद झाला. दोन कामं आत्ताच करून ठेवा. मेमध्ये दुसऱ्या सेमिस्टरचे ग्रेड्स लागले की मगच ट्रान्सक्रिप्ट मागवा, घाईत अर्धा गेला तर सगळा उद्योग फुकट. तोवर बाकीचा अर्ज भरून तयार ठेवा. आणि सेकंडरीजचे मागच्या वर्षीचे प्रश्न फेब्रुवारीपासून लिहायला घ्या, बहुतेक ठिकाणी तेच राहतात. ऑरगॅनिकच्या सीबद्दल दोन ओळी पुरेत, बायपासची अख्खी कहाणी नको. ती जागा काचेवरच्या नेफ्रॉनला द्या.

निशिगंध | 9 जानेवारी, रात्री 11:50

ताई, पर्सनल स्टेटमेंटचा पहिला कच्चा खर्डा झाला की मला पाठवायला सांगा. 5,300 अक्षरांची मर्यादा आहे, पहिल्यांदा दुप्पट होतं, काळजी करू नका. या रविवारी मला सुट्टी आहे. दुपारी चारनंतर तिनं फोन केला तरी चालेल, नंबर व्यनि करतो.